आइसलँडमधले गर्दीपासून लांबचे धबधबे: मी कसे शोधते, कुठे जाते, कुठून परत फिरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ऑगस्टमधे दोन आठवडे आइसलँड, भाड्याची फोर बाय फोर, चार माणसं आणि त्यात आईबाबा साठीच्या पुढचे. सेल्यालान्द्सफॉस, स्कोगाफॉस, गुल्फॉस हे प्रसिद्ध धबधबे तर बघणारच, पण जिथे टूरच्या बसेस थांबत नाहीत असे धबधबे शोधायचे कसे, रस्ते झेपतील का, आणि कुठे जाऊच नये. मी उन्हाळ्यात इथे छोटे ग्रुप घेऊन फिरते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जे रोज वापरते तेच सांगते, जरा लांबेल.

मी धबधब्यांची यादी करतच नाही, नद्यांची करते. कारण फोटोतला धबधबा आणि तुम्ही जाल त्या दिवशीचा धबधबा यात खूप फरक असू शकतो, आणि तो फरक नदीला पाणी कुठून येतं यावर ठरतो. इथे ढोबळमानाने तीन प्रकारच्या नद्या आहेत. एक हिमनदीतून येणाऱ्या. यांचं पाणी राखाडी नाहीतर चिखलासारखं तपकिरी असतं आणि जुलै-ऑगस्टमधे भरपूर, कारण तेव्हाच बर्फ जास्त वितळतो. देत्तिफॉस, गुल्फॉस हे अशा नद्यांवरचे. दुसऱ्या म्हणजे पावसाच्या आणि डोंगरावरच्या हिवाळी बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या. त्या मे-जूनमधे फुगलेल्या असतात आणि ऑगस्ट कोरडा गेला तर बारीक होतात, पण एक रात्र चांगला पाऊस पडला की सकाळी त्याच नदीचा चेहरा बदललेला असतो. हेंगिफॉस, ग्लिमुर, पूर्वेकडच्या आणि वायव्येकडच्या फ्योर्डमधले (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधे आत घुसलेली अरुंद खाडी) बहुतेक धबधबे यातले. तिसऱ्या लाव्हाच्या थरातून झिरपून झऱ्यांसारख्या वर येणाऱ्या. या वर्षभर जवळजवळ सारख्याच वाहतात, पाणी नितळ, कुठे कुठे अगदी निळं. ब्रूआरफॉस यातला, आणि ह्रॉइनफॉसार तर लाव्हाच्या कडेतून साधारण ९०० मीटर लांबीवर पाणी पाझरत थेट नदीत पडतं, वर नदीच दिसत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी निवड आपोआप होते. तुम्ही ऑगस्टमधे जाताय म्हणजे हिमनदीवाले धबधबे जोरात असणार, पण त्यांच्याकडून निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका. आल्डेयारफॉसचे जे फिकट निळे, दुधाळ फोटो फिरतात ते बहुतेक थंडीच्या किंवा वसंताच्या सुरुवातीच्या दिवसांतले असतात जेव्हा बर्फ वितळणं थांबलेलं असतं, ऑगस्टमधे तिथे पाणी करडंच असतं (मला स्वतःला ते जास्त आवडतं, त्या काळ्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, खांबांसमोर त्या पाण्याचं वजन जाणवतं). आणि पावसावरचे जे आहेत ते आदल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस बघून ठरवा. वेदुर डॉट आयएस ही इथल्या हवामान खात्याची साइट, तिच्यावर अंदाज तर असतोच पण बऱ्याच नद्यांच्या पाण्याच्या पातळीचे आणि प्रवाहाचे आलेखही दिसतात, ते कोणी उघडून बघत नाही. हिमनदीच्या नदीचा आलेख बघितलात तर ऊन पडलेल्या दिवशी तो रोज वर जातो आणि परत खाली येतो हे स्पष्ट दिसेल. पुढे रस्त्यांबद्दल लिहिलंय तिथे हे परत कामाला येईल.

एक चौथी गोष्ट पण आहे, धरणं. इथली वीज बरीचशी पाण्यावर होते त्यामुळे काही धबधब्यांचं पाणीच वळवलेलं आहे. थ्योरसाउ ही देशातली सगळ्यात लांब नदी, २३० किलोमीटर, तिच्यावर वीजप्रकल्पांची रांगच आहे, त्यामुळे थ्योफाफॉस किंवा वरच्या अंगाचा दिन्कुर इथे जुन्या फोटोतलं पाणी मिळेलच असं नाही. पूर्वेला कारान्यूकार धरणामुळे स्तुद्लागिल दरीतलं पाणी कमी झालं आणि म्हणूनच तिथले बेसॉल्टचे खांब उघडे पडून ती दरी लोकांना दिसायला लागली, पण धरणाचा जलाशय भरून वाहायला लागला की, आणि हे बहुतेक वेळा ऑगस्टमधेच होतं, तिथलं हिरवंनिळं पाणी एका दिवसात चिखलाच्या रंगाचं होतं. लोक इतक्या लांब जाऊन हिरमुसतात. म्हणून जायच्या आधी एगिल्सस्तादिर या पूर्वेकडच्या गावातल्या माहिती केंद्रात विचारा, त्यांना रोजची खबर असते.

आता नकाशा. मी आधी कागदी नाहीतर सरकारी ऑनलाइन नकाशा घेते ज्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) नीट आहेत, आणि नदीच्या उगमाकडून नाही तर मुखाकडून वर सरकत जाते. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे उभा कडा आहे, आणि नदी त्यांना आडवी छेदते तिथे काहीतरी पडतंय हे नक्की. इथे अशा जागा ठरलेल्या आहेत. दक्षिणेला जुना समुद्रकिनारा, म्हणजे एकेकाळी समुद्र जिथे आपटायचा तो कडा. आता समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेलाय पण कडा तसाच उभा आहे, सेल्यालान्द्सफॉस आणि स्कोगाफॉस दोन्ही याच कड्यावरून पडतात, दोन्ही साधारण ६० मीटर. या दोघांच्या मधे रिंग रोडवरून (देशाला फेरी घालणारा मुख्य रस्ता) साधारण ३० किलोमीटर अंतर आहे आणि त्या सगळ्या पट्ट्यात डाव्या हाताला कड्यावरून पाणी पडतच असतं, पण गाड्या फक्त दोन ठिकाणी थांबतात. दुसरी जागा म्हणजे फ्योर्डच्या बाजूच्या उंचावर लटकलेल्या दऱ्या, मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल कोरली आणि बाजूची छोटी दरी वरच राहिली, तिचं पाणी खाली यायला उडी मारावीच लागते. तिसरी, पूर्वेकडे बेसॉल्टचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे आहेत, तिथे एकच ओढा पाच-सहा वेळा पडतो. आणि चौथी, लाव्हाच्या प्रवाहाची कड.

नकाशावर नावं पण बघत जा, शेवटी फॉस असेल तर धबधबा आणि फॉसार असेल तर एकाहून जास्त, हे कळलं की सर्चमधे न येणारे पण सापडतात. मग उपग्रहाच्या चित्रावर त्याच जागी पांढरी रेघ दिसते का ते बघायचं, तिच्याजवळ गाडी उभी करण्याइतकी जागा आणि पायवाट आहे का, कुंपण आहे का. ऑफलाइन नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं कुठलंही अ‍ॅप चालेल, पायवाटा त्यात जास्त असतात. गूगल मॅप्स गावातून गावात जायला उत्तम आहे पण धबधब्याच्या पिनवर आंधळेपणाने जाऊ नका, कारण ते पिनच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं आणि तो रस्ता नदीच्या दुसऱ्या काठावर असू शकतो.

काठाचा प्रश्न इथे फार मोठा आहे, पूल कमी आहेत. देत्तिफॉस बघा, साधारण ४४ मीटर उंच, १०० मीटर रुंद. पश्चिमेच्या काठाने ८६२ नंबरचा डांबरी रस्ता, मोठं पार्किंग, बसेस, आणि तुषारही बहुतेक वेळा याच बाजूला येतात. पूर्वेच्या काठाने ८६४, खडीचा, खड्ड्यांचा, त्यामुळे लोक कमी, पण तिथून धबधब्याचा पूर्ण चेहरा समोर दिसतो आणि खाली थोड्या अंतरावर हाफ्रागिल्सफॉस वरून बघता येतो. मी ग्रुपला शक्यतो पूर्वेकडून नेते, पाठीचे त्रास असतील तर मात्र पश्चिमेकडून, कारण ८६४ वर गाडी सतत धडधडते. दोन्ही बाजू एकाच दिवशी करायचा हट्ट करू नका, तेवढ्या वेळात दुसरं काहीतरी चांगलं बघून होतं.

नकाशे आणि फोटो जुने होतात हे पण लक्षात ठेवा. एल्दग्याउ या दरीतल्या ओफायरुफॉसवर दगडाची नैसर्गिक कमान होती, ती १९९३ मधे पडली, तरी तिचे फोटो अजून फिरतात आणि लोक ती शोधत जातात. उलट मोर्साउरफॉस हिमनदी मागे सरकल्यामुळे या शतकात दिसायला लागला आणि २०११ मधे मोजला तेव्हा ग्लिमुरच्या १९८ मीटरपेक्षा उंच निघाला. तिथे जवळ जाता येत नाही, पण देशातला सगळ्यात उंच धबधबा अनेक पुस्तकांत अजून ग्लिमुरच छापलेला असतो.

नदी धरून जाणं म्हणजे काय ते एका दिवसाच्या उदाहरणाने सांगते, मला हा दिवस फार प्रिय आहे. दक्षिणेला ३२ नंबरचा रस्ता थ्योरसाउर्दालुर या खोऱ्यात जातो. तिथे फॉसाउ नावाची नदी आहे. अगदी खाली, मुख्य रस्त्यापासून जवळ, ह्याल्पारफॉस, दोन धारा शेजारीशेजारी एकाच डोहात पडतात, भोवती वळलेले पिळलेले बेसॉल्टचे खांब, पार्किंगपासून दोन मिनिटं, आईबाबांना अगदी सोयीचं. मग थोडं वर स्तोंग, हे एका जुन्या शेतघराचे अवशेष, हेक्ला ज्वालामुखीच्या ११०४ च्या उद्रेकाच्या राखेत ते खोरं ओसाड पडलं आणि १९३९ मधे हे घर उकरून काढलं. तिथून चालत ग्याउइन, एक लहानशी घळ, त्यात झऱ्यांचं पाणी दहा ठिकाणांहून झिरपून पडतंय, शेवाळ, फुलं, आणि वर सगळीकडे काळी-करडी राख. ग्याउइन शेजारच्या राउइदाउ नदीवर आहे, पण इतकं जवळ आहे की सोडू नका. स्तोंगचा रस्ता खराब आहे, हळू चालवा. मग परत ३२ वर येऊन ३३२ ने वर चढायचं, खडीचा सात-आठ किलोमीटर रस्ता, आणि कड्याच्या टोकाशी हाउइफॉस, १२२ मीटर, शेजारी ग्रान्नी हा दुसरा धबधबा. ही तीच फॉसाउ नदी जी सकाळी दोन धारांनी डोहात पडताना बघितली होती. चालायची ताकद असेल तर स्तोंगहून खोऱ्यातून हाउइफॉसच्या पायथ्याशी जाता येतं, त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा. एका दिवसात तुम्ही एक नदी वरपासून खालपर्यंत ओळखून येता, यादीतले चार वेगवेगळे ठिपके बघून हे समाधान मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

रस्ते. आधी सवयीची गोष्ट, गाडी उजवीकडून चालवायची, स्टेअरिंग डावीकडे. पहिल्याच दिवशी विमानातून उतरून लांब जाऊ नका. वेगमर्यादा ताशी किलोमीटरमधे डांबरीवर ९०, खडीवर ८०, गावात ५०, पण खडीवर ८० ही मर्यादा आहे, सल्ला नाही, वळणावर ५०-६० च ठेवा. डांबर संपून खडी सुरू होते तो क्षण सगळ्यात धोक्याचा, तिथे ब्रेक मारला की गाडी सरकते, म्हणून बोर्ड दिसला की डांबरावर असतानाच वेग उतरवायचा. एकेरी पूल खूप आहेत, जो आधी पुलाजवळ पोचला तो आधी जातो. चढाच्या टोकावर समोरचं दिसत नाही तिथे उजवीला चिकटून. आणि मेंढ्या, सप्टेंबरमधे हाकून खाली आणेपर्यंत त्या मोकळ्या फिरतात, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं तर कोकरू पळणारच असं धरून गाडी थांबवा.

एफ ने सुरू होणारे रस्ते म्हणजे डोंगराळ अंतर्भागातले, फोर बाय फोरशिवाय तिथे जाणं बेकायदा आहे. ते साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकेक करून उघडतात. रोज सकाळी उम्फेर्दिन डॉट आयएस वर रस्त्याची स्थिती बघायची, बंद म्हणजे बंद. तुमच्या भाडेकरारात एफ रोडला परवानगी आहे का ते लेखी बघा. आणि हे नीट वाचा, विमा कितीही मोठा घेतलात तरी नदी ओलांडताना पाणी इंजिनमधे गेलं किंवा गाडीच्या पोटाला मार लागला तर तो खर्च बहुतेक करारांत तुमच्याच खिशातून जातो. वाऱ्याने उघडलेलं दार मोडणं, राख आणि वाळूने रंग खरवडणं हे पण नेहमीच्या विम्यात नसतं. खडीचा आणि वाळूराखेचा विमा घ्या, आणि गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा, एका वेळी एकाच बाजूचं.

नदी ओलांडायची का? तुमच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे. खाली जे जे सुचवलंय त्यात कुठेही नदीतून गाडी घालावी लागत नाही, मुद्दाम तसेच निवडलेत. लाकी ज्वालामुखीच्या वाटेवरचा फाग्रीफॉस फार देखणा आहे, पण एफ२०६ वर पाण्यातून जावं लागतं, म्हणून तो तुमच्यासाठी नाही. तरीही कधी नाइलाजाने समोर आलीच तर एवढं माहीत असू द्या: हिमनदीची नदी सकाळी लवकर सगळ्यात कमी असते, ऊन तापलं की दुपारनंतर वाढते, म्हणजे सकाळी सहज ओलांडलेली नदी संध्याकाळी परत येताना ओलांडता येईलच असं नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. शांत, सपाट दिसणारं पाणी खोल असतं आणि खळखळणारं रुंद पाणी उथळ. मोठी गाडी येईपर्यंत थांबा, ती कुठून जाते ते बघा, आणि मनात शंका असली तर परत फिरा. इथले मुरलेले ड्रायव्हर रोज परत फिरतात, त्यात काही कमीपणा नाही.

वारा इथे मीटर प्रति सेकंदात सांगतात. १५ च्या वर गेला की जपून, २० च्या वर असेल तर मी लोकांना हलवत नाही. कड्यांच्या पायथ्याशी झोत याहून कितीतरी जोरात येतात, अशा दिवशी दक्षिणेच्या कड्यावरचे बारीक धबधबे खाली न पडता वर उडताना दिसतात. पण वाऱ्याची दिशा ही तुमची सगळ्यात मोठी मदत आहे. वारा दक्षिणेकडून असेल तर दक्षिणेला पाऊस आणि उत्तरेला बऱ्याच वेळा ऊन, उत्तरेकडून असेल तर उलट. त्यामुळे मुक्काम आधीच सगळे बांधून ठेवले नाहीत तर बरं, पण ऑगस्टमधे खोल्या मिळत नाहीत हेही खरं, म्हणून मी दोन-तीन ठिकाणी लांब मुक्काम ठेवते आणि रोजची दिशा सकाळी ठरवते.

याच कारणाने तुम्हाला एक निवड करावी लागेल, पूर्व किंवा वायव्य. दोन आठवड्यांत रिंग रोड करून दोन्ही घुसवलंत तर गाडीतच बसून राहाल. वायव्येला दिन्यांदी आहे, १०० मीटरचा, वर अरुंद आणि खाली पसरत गेलेला, त्याच्या खाली त्याच नदीचे आणखी पाच-सहा, आणि २०२० मधे तिथला दीरा फ्योर्डचा बोगदा झाल्यापासून पोचणं सोपं झालंय. पण आईबाबा असताना मी पूर्वच निवडीन, एगिल्सस्तादिरला निदान चार रात्री.

तिथून काय काय. म्योइफ्योर्दुरला जाणारा ९५३ रस्ता, खडीचा, हिवाळ्यात बंद असतो, घाट उतरताना समोर क्लिफब्रेक्कूफॉसार पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. गाडीतून बसल्या जागी दिसतो, उतरलात तर अजून छान. खाली मोजकी वस्ती, पेट्रोल नाही, म्हणून टाकी भरून जा. हाच रस्ता फ्योर्डच्या काठाने दालातांगीच्या दीपगृहापर्यंत जातो, तिथे १८९५ चं जुनं दगडी आणि १९०८ चं पिवळं अशी दोन दीपगृहं आहेत आणि वाटेत डाव्या हाताला ओढे सतत पडत राहतात, बहुतेकांना पाटी पण नाही. हा माझा पूर्वेतला पहिला क्रमांक. मात्र धुकं असेल तर जाऊ नका, घाटात काही दिसत नाही.

सेय्दिसफ्योर्दुरच्या ९३ रस्त्यावर गुफूफॉस रस्त्याला लागूनच आहे, सगळे तिथे थांबतात आणि निघून जातात, पण त्या फ्यार्दाराउ नदीवर वर-खाली धबधब्यांची माळच आहे. गावाच्या बाजूला १९१३ पासूनचं छोटं वीजघर आहे, तिथून नदीकाठाने वर चालत गेलात की अर्ध्या तासात किती सापडतात बघा. हेंगिफॉस, १२८ मीटर, बेसॉल्टच्या थरांमधे लाल मातीचे पट्टे, एका बाजूने साधारण अडीच किलोमीटर आणि चांगला चढ. अर्ध्या वाटेवर लित्लानेसफॉस आहे, खांबांच्या दरीत, आईबाबा तिथपर्यंत आले तरी खूप झालं. पाऊस पडून गेल्यावर जा. लॉइगारफेल्लला अनेक धबधब्यांची साधारण आठ किलोमीटरची फेरी आहे आणि शेवटी गरम पाण्याचं कुंड. पण तिथल्या मुख्य नदीचं वरचं पाणी प्रकल्पाकडे वळवलेलं आहे हे धरून चला. दक्षिणेकडे जाताना ओक्सी घाट, ९३९, फोलाल्दाफॉस अगदी रस्त्याकडेला. चढ १७ टक्क्यांपर्यंत, खडीचा, कोरड्या आणि स्वच्छ दिवशी मजेत होतो, ढग खाली आलेले असतील तर फ्योर्डच्या काठाचा लांबचा रस्ता घ्या.

उत्तरेला आल्डेयारफॉस. गोदाफॉसहून ८४२ ने दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर, शेवटचे थोडे किलोमीटर एफ२६ वर, तिथे फोर बाय फोर लागते पण पाण्यातून जावं लागत नाही. एफ२६ पुढे स्प्रेंगिसान्दुरच्या वाळवंटात जातो, दोनशे किलोमीटरहून जास्त पेट्रोल नाही आणि नद्या आहेत, तिकडे वळू नका. दक्षिणेला फ्लोत्सह्लीदमधला ग्लुग्गाफॉस २६१ रस्त्याच्या कडेला, पाण्याने खडकात खिडक्या कोरल्यात, पार्किंगपासून जवळ. क्वेर्नूफॉस स्कोगाफॉसच्या इतका जवळ असूनही तुलनेने शांत. ग्लिमुरला ओढा ओलांडायचा ओंडका उन्हाळ्यातच टाकलेला असतो, दोर धरून चढ आहे, तुम्ही दोघं जा, आईबाबांना क्वालफ्योर्दुरच्या जुन्या रस्त्यावर समुद्रकाठी सोडा. हा जुना ४७ नंबरचा रस्ता १९९८ मधे खालून बोगदा झाल्यापासून निवांत आहे, मुद्दाम यानेच जा.

आणि प्रसिद्ध असलेलेही सोडू नका, फक्त वेळ बदला. ऑगस्टच्या सुरुवातीला दहाच्या पुढेपर्यंत उजेड असतो, सेल्यालान्द्सफॉस पश्चिमेकडे तोंड करून आहे, संध्याकाळी आठ-नऊला गेलात तर ऊन थेट त्यावर असतं आणि बसेस गेलेल्या असतात. स्कोगाफॉसला शेजारच्या पायऱ्या चढून वर गेलात की नदीकाठाने एकामागून एक वीसेक धबधबे आहेत. पहिल्या दोन किलोमीटरमधेच कितीतरी दिसतात, आणि पायऱ्यांवरची गर्दी पहिल्या वळणाला संपते.

सामान जास्त सांगत नाही. पावसाची पँट जॅकेटइतकीच महत्त्वाची. पाण्यात उतरायचं असेल तर जुने बूट आणि निओप्रीनचे मोजे, पाणी हाडं गोठवणारं असतं. कड्याच्या कडेला ओलं गवत आणि भुसभुशीत ज्वालामुखीय खडक असतो, खालून पोकळ असू शकतो, कडेपासून दोन पावलं मागेच उभं राहा, फोटोसाठी पाठीमागे सरकू नका. ११२ चं अ‍ॅप टाकून घ्या, संकटात तुमची जागा कळवतं, आणि सेफट्रॅव्हल डॉट आयएस वर आडबाजूला जायच्या आधी बेत नोंदवा. शोधायला येणारी माणसं स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येतात. बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो, चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं, ते निघायच्या आधीच चालू करून घ्या.

जमिनीबद्दल मी फार आग्रही आहे. रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदा आहे आणि दंड जबर, पण खरं कारण वेगळं आहे, इथल्या शेवाळावर उमटलेला चाकाचा माग कित्येक दशकं तसाच राहतो. फ्याद्राउर्ग्ल्यूफुर ही दरी २०१९ मधे माणसांच्या पावलांनी शेवाळ उखडलं म्हणून बंद करावी लागली होती. बरेच धबधबे खाजगी शेतांतून जाऊन दिसतात. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा, घराशेजारून वाट जात असेल तर दार वाजवून विचारा, आजवर मला बहुतेक वेळा हो म्हणूनच उत्तर मिळालंय आणि जिथे नाही म्हणाले तिथे मी वळले. कॅम्परव्हॅन घेऊन वाटेल तिथे झोपता येत नाही, ठरलेल्या कॅम्पसाइटवरच. आणि पायवाट नसलेला एखादा धबधबा सापडला तर त्याची पिन टाकू नका, हवं तर नदीचं नाव सांगा. ज्याला खरंच जायचंय तो नकाशा उघडून शोधेल.

ड्रोनचं विचारलं होतंत. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय नाही, आणि बऱ्याच धबधब्यांवर मनाईच्या पाट्या आहेत. मे ते जुलै पक्ष्यांची घरटी असतात तेव्हा तर नकोच. ऑगस्टच्या वाऱ्यात आणि तुषारांत मी तो बॅगेतच ठेवायला सांगते. तुमची गाडी कोणती आणि उतरण्याची नेमकी तारीख कळवलीत तर रोजचे मुक्काम आणि किलोमीटर बसवून देते.